मिथुनेतला उल्कावर्षाव सगळ्यांनी मिळून बघायचाय : शनिवार की रविवार?

गच्चीवरची

मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबर २०२६ मध्ये मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला जायचं आमच्याकडे ठरलंय. ठरलंय म्हणजे मी जेवताना जाहीर करून टाकलं आणि आता माघार घेता येत नाही. बाराएक जण आहोत. दोन घरची मंडळी, नऊ ते तेरा वयाची चार पोरं, ऑफिसातल्या दोघी-तिघी आणि आमचे बाबा. बाबांची मान धरते, फार वेळ वर बघितलं की गरगरतं. पण त्यांना मागे ठेवून गेलो तर पुढचा उल्कावर्षाव येईपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

कुठेतरी वाचलं की तासाला १५० उल्का दिसतात. पोरांनी लगेच भागाकार केला आणि मिनिटाला अडीच असा हिशोब धरून बसली आहेत. मला तो आकडा जरा संशयास्पद वाटतोय.

अडकलंय ते तारखेवर. शनिवारी १२ ला जावं की रविवारी १३ ला? शनिवार सगळ्यांना सोयीचा. शिवाय दुर्बीण न्यावी का, तोंड कुठल्या दिशेला करावं, आणि बारा माणसांनी तिथे जाऊन नेमकं करायचं काय? नुसतं आडवं पडून राहायचं? धाकटी बहीण येऊ शकत नाही, ती चाळीसेक किलोमीटरवर राहते. ती म्हणते फोन चालू ठेवू, एकच उल्का दोघींना दिसली तर मजा येईल. असं होतं का?

सतरंजीवाला

ताई, रविवार.

कारण सांगतो. मिथुनेचा वर्षाव चढतो हळूहळू आणि उतरतो झपकन. २०२६ ची कमाल १४ डिसेंबरला आहे, म्हणजे १३ ची रात्र चढणीच्या टोकाला येते. शनिवारी गेलात तर निम्म्यावर भागवावं लागेल, कदाचित त्याहूनही कमी. आणि आधी येतात त्यांत बारीक कणांचा भरणा जास्त, म्हणजे उल्का फिकट. ठसठशीत उल्कांचं प्रमाण कमाल जवळ येईल तसं वाढतं, आणि पोरांच्या लक्षात राहणार त्या याच.

चंद्राचं छान जमलंय. अमावस्या ९ डिसेंबरला. १३ ला चार-पाच दिवसांची कोर, ती रात्री दहाच्या आतबाहेर मावळेल. २०२७ मध्ये मात्र १३ डिसेंबरला चक्क पौर्णिमा आहे, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ हा विचार कुणी मांडला तर तिथेच हाणून पाडा.

पहाटेपर्यंत जागायची सक्ती नाही. बहुतेक वर्षाव मध्यरात्रीनंतर रंगतात, कारण पृथ्वी ज्या दिशेने धावते आहे त्या बाजूला आपण तेव्हा आलेलो असतो. ऑगस्टमधल्या ययाती (पर्सियस) तारकासमूहातल्या उल्कांसाठी म्हणूनच पहाट गाठावी लागते. मिथुन रास डिसेंबरात रात्र पडली की लगेच उगवते, दहापर्यंत बरीच वर येते आणि दोनच्या सुमारास सगळ्यात उंच असते. दहा ते एक एवढा वेळ धरला तरी पुष्कळ. लवकर पोचलात तर रास उगवत असतानाची वेळही फुकट घालवू नका. तेव्हा उल्का मोजक्याच दिसतात, पण त्या वातावरणाला घासत जाणाऱ्या, लांबलचक आणि सावकाश. अशी एक दिसली की बाकीची रात्र वसूल.

दुर्बीण घरी ठेवा. तिच्यातून आकाशाचा लहानसा तुकडा दिसतो आणि उल्का नेमकी त्या तुकड्याबाहेरून जाते. उघडे डोळे आणि मोठं आकाश, बस.

दिशेबद्दल. या उल्का पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टर ताऱ्याजवळच्या एका बिंदूतून, म्हणजे उगमबिंदूतून, फुटल्यासारख्या दिसतात, पण म्हणून तिकडेच टक लावून बसू नका. सगळे कण एकमेकांना समांतर येत असतात. रेल्वेचे रूळ लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तोच हा दृष्टिभ्रम. उगमबिंदूजवळच्या उल्का जवळपास थेट आपल्या रोखाने येतात, म्हणून आखूड दिसतात. तिथून चाळीस-पन्नास अंश बाजूला नजर ठेवली की लांब रेघा मिळतात. मी तर जिकडे आकाश सगळ्यात काळं तिकडे पाय करतो आणि कॅस्टरला विसरतो.

बाबांसाठी मागे कलणारी आरामखुर्ची. पाठ कललेली, मान पूर्ण टेकलेली, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. थेट डोक्यावर बघायची गरजच नाही. क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध नजर ठेवली तरी काही बिघडत नाही. आणि उठताना एकदम उठू देऊ नका, अंधारात तोल जातो. बाकीच्यांनी जमिनीवर पडावं. जमीन अंगातली ऊब फार झपाट्याने ओढते, म्हणून खालचं अंथरूण वरच्या पांघरुणापेक्षा जाड. लोक नेमकं उलट करतात आणि अकरा वाजता गाडीत जाऊन बसतात.

झोपाळू

काकांचं आकाश शंभर टक्के बरोबर, पण माणसांचं काय?

सोमवारी चार पोरांना शाळा, मोठ्यांना ऑफिस. रविवारी रात्री साडेअकराला पहिलं माणूस घड्याळ बघणार, पावणेबाराला दुसरं, आणि बारा वाजता सगळे सामान आवरत असणार. शनिवारी हेच लोक निवांत तीनपर्यंत बसतील. निम्म्या उल्का, पण दुप्पट वेळ, आणि तोही रास सगळ्यात उंच असतानाचा. मग फरक राहिला कुठे?

आणि ढगांचं विसरू नका. शनिवारी ढग आले तर रविवार हातात आहे. रविवारी आले तर कुणाच्या हातात काही नाही.

आकडेमोड

त्या १५० बद्दल मी सांगते, कारण तो आकडा पोरांच्या डोक्यातून आत्ताच काढलेला बरा.

तो आकडा खोटा नाही, पण एका आदर्श रात्रीचा आहे. उगमबिंदू बरोबर डोक्यावर, आणि आकाश इतकं काळं की साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसताहेत (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा फिकट), अशा वेळी एका माणसाला तासाभरात दिसतील तेवढ्या उल्का. खऱ्या रात्री या दोन्ही गोष्टींत काट मारावी लागते.

उंचीची काट सौम्य आहे. उगमबिंदू ६० अंशांवर असेल तर १५० चे १३० होतात, ३० अंशांवर ७५.

खरी कुऱ्हाड पडते ती उजेडाची. मिथुनेच्या वर्षावात फिकट उल्का ठळक उल्कांपेक्षा कितीतरी जास्त असतात. आकाश एका प्रतीने उजळलं की दिसणाऱ्या उल्का अडीच पटींहून थोड्या जास्तच घटतात. म्हणजे त्याच ६० अंशांवर, साडेपाचव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील तर १३० च्या जागी ५०. साडेचारपर्यंत असतील तर २० च्या आत. मोठ्या शहराच्या मध्यावर साडेतीन धरा, मग सातेक.

झोपाळूंचा हिशोब तत्त्वतः बरोबर आहे, म्हणजे निम्मा दर गुणिले दुप्पट वेळ. पण शनिवार-रविवारच्या फरकापेक्षा गच्ची आणि अंधारी जागा यांतला फरक कितीतरी मोठा आहे. शनिवारी अंधारात जाणारा रविवारी गच्चीवर बसणाऱ्याला सहज मागे टाकेल.

पोरांना सांगा, अंधाऱ्या जागी दीड-दोन मिनिटांना एक. तीही घड्याळ लावल्यासारखी नाही. पाच मिनिटं काहीच नाही आणि मग लागोपाठ तीन, असंच होतं. त्या पाच मिनिटांत ‘संपलं का?’ असं कुणीतरी विचारतंच.

गच्चीवरची

आकडेमोडताई, मिनिटाला अडीचवरून दीड-दोन मिनिटांना एकवर आणल्याबद्दल पोरांतर्फे निषेध आणि माझ्यातर्फे आभार.

पण आमची जागा साडेपाचची आहे की साडेचारची हे कसं ओळखायचं? एक मोकळं मैदान बघून ठेवलंय, शहरापासून तासाभरावर. मला तरी काळंकुट्ट वाटलं, पण मी तिथे दिव्यांतून गाडीने गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

आणि थोरल्या पोराचा प्रश्न: ‘हे सगळं पडतंय कुठून?’ मी धूमकेतू म्हणाले. बरोबर ना?

सतरंजीवाला

कृत्तिका मोजा. डिसेंबरात त्या रात्री दहाला छान उंच असतात. सहा तारे सुटे दिसले तर तुमचं आकाश साधारण साडेचारचं. आठ-नऊ दिसले तर साडेपाचच्या घरात, आणि मग जागा सोडू नका. पण मोजायचं ते अंधारात अर्धा तास घालवल्यावर. दहा मिनिटांत काही कळत नाही. बाहुली लगेच मोठी होते, पण पडद्यातल्या मंद प्रकाशात बघणाऱ्या पेशींना त्यांचं ऱ्होडॉप्सिन पुन्हा साठवायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की ते क्षणात खर्च होतं.

यावरून तुमच्या बारा जणांच्या बेतातला खरा धोका सांगतो. तारीख नाही, ढग नाही, मोबाइल. एकाने ‘किती वाजले’ बघायला फोन उघडला की आजूबाजूच्या सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी ज्यांच्याबरोबर जातो तिथे फोन आल्याआल्या पिशवीत जमा होतात आणि पिशवी गाडीत. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद दोन घड्या घालून लावायचा. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवायचा. हा दिवा कुणालाच आठवत नाही आणि प्रत्येक वेळी तो कुणीतरी लावतंच. नकाशाचं ॲप बघायचं असेल तर घरी बघून या.

थोरल्याला सांगा, प्रश्न झकास आहे आणि उत्तर विचित्र. बाकीचे मोठे वर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या धुळीचे. ययातीचा स्विफ्ट-टटल या धूमकेतूचा. तो १३३ वर्षांनी येतो, १९९२ मध्ये येऊन गेला. मे महिन्यातला कुंभेचा आणि ऑक्टोबरमधला मृगाचा, दोन्ही हॅलेचे. मिथुनेचा मात्र ३२०० फेथॉन नावाच्या खडकाळ लघुग्रहाचा. १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला आणि त्याची कक्षा उल्कांच्या कक्षेशी जुळली. वर्षाव त्याआधी शंभरहून जास्त वर्षं ठाऊक होता, फक्त त्याचा धनी सापडत नव्हता. हा लघुग्रह साधारण १.४ वर्षांत एक फेरी मारतो आणि सूर्याच्या दोन कोटी किलोमीटर इतक्या जवळून जातो, म्हणजे बुधाच्याही बराच आत. पण खडकातून एवढी धूळ सुटली कशी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पोराला हेही सांगा. सगळी उत्तरं तयार नसतात हे त्याला आवडेल.

बघताना एक फरक जाणवेल. मिथुनेच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात. सिंहेच्या नोव्हेंबरातल्या ७१ ने, डोळ्याची पापणी लवायच्या आत खलास. मिथुनेच्या त्या मानाने निवांत, दिसेपर्यंत थांबतात. पिवळट असतात पुष्कळ, मागे धूसर पट्टा फारसा सोडत नाहीत.

आणि ‘करायचं काय’ म्हणालात, तर मोजायचं. प्रत्येकाने आपापल्या. हातात कागद आणि पेन्सिल, खाली न बघता एक रेघ. उल्का उलट्या दिशेने लांबवली आणि ती कॅस्टरजवळ पोचली तर उभी रेघ, नाही पोचली तर आडवी. आडव्या म्हणजे भटक्या उल्का, त्या कुठल्याही रात्री तासाला थोड्याफार दिसतातच. चार पोरांना चार दिशा वाटून द्या. दर अर्ध्या तासाने आकडे सांगायचे. मात्र बाराही जणांची बेरीज करून ‘आम्ही एवढ्या पाहिल्या’ असं सांगत सुटू नका. एकच उल्का पाच जणांच्या कागदावर असते.

‘ती बघ!’ असं ओरडायला हरकत नाही, पण ओरडण्यावर मान वळवायची नाही. उल्का बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत संपते. तुम्ही वळेपर्यंत ती गेलेली असते आणि तुमच्या बाजूची दुसरी निसटते.

धाकटी

मीच ती चाळीस किलोमीटरवरची. ताईने माझा प्रश्न टाकला आणि कुणी उत्तरच दिलं नाही. सगळे कृत्तिका मोजताहेत.

दिसेल का एकच उल्का?

आकडेमोड

दिसेल. आणि तुमचाच प्रयोग या सगळ्यातला सर्वांत मोलाचा आहे.

उल्का साधारण शंभर किलोमीटर उंचीवर पेटते. तुम्ही दोघी चाळीस किलोमीटर लांब, म्हणजे ताईंच्या डोक्यावरची उल्का तुम्हालाही व्यवस्थित उंचावर दिसणार, फक्त जागा सरकलेली. वीस-बावीस अंशांनी. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढं अंतर होतं. तुम्ही ताईंच्या पूर्वेला असाल तर ती तुम्हाला पश्चिमेकडे सरकलेली दिसेल. पाचशे किलोमीटरवर असतात तर मात्र ती तुमच्या क्षितिजापासून नऊ-दहा अंशांवर आली असती, आणि फारच तेजस्वी असल्याशिवाय दिसली नसती.

१७९८ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी हेच केलं. काही किलोमीटर अंतरावर दोघं वेगवेगळे बसले, प्रत्येकाने दिसलेल्या उल्केची वेळ आणि ताऱ्यांमधला मार्ग टिपला, आणि दोन्ही टिपणं जुळवून उंची काढली. शंभर किलोमीटरच्या आसपास आली. उल्का म्हणजे खालच्या हवेतला काहीतरी प्रकार असावा असं तोवर पुष्कळांना वाटायचं.

तुमच्याकडे फोन आहे, त्यांच्याकडे नव्हता. दोघींनी आधीच एक ताऱ्यांचा नकाशा छापून ठेवा, दोघींकडे सारखाच. फोन स्पीकरवर, पडदा पालथा. ठळक उल्का दिसली की ‘आत्ता’ म्हणायचं. दोघींचं ‘आत्ता’ एकत्र आलं तर बोलत न बसता लगेच आपापल्या नकाशावर रेघ काढायची, लाल बॅटरीच्या उजेडात. आधी बोललात तर एकीची आठवण दुसरीच्या रेघेत उतरते. दोन-तीन रेघा जुळल्या की इथे टाका, उंची काढून देते.

लांब_शटर

फोटोचं कुणी विचारलं नाही तरी बारा जणांत एक कॅमेरावाला असतोच, म्हणून. रुंद लेन्स, १४ ते २४ मिलिमीटर. छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, दहा ते वीस सेकंदांची एकेक चौकट, एकामागून एक आपोआप. फोकस ताऱ्यावर हाताने लावून टेप चिकटवा. कॅमेरा बाकीच्यांपासून लांब आणि त्याचा मागचा पडदा झाकलेला. मग त्याच्याकडे फिरकू नका. लेन्सवर दव पडतं, तेवढं अधूनमधून बघा. शेकडो चौकटींत चार उल्का मिळाल्या तर रात्र चांगली गेली म्हणायचं.

गच्चीवरची

घरात मतदान झालं. रविवार. झोपाळूंची बाजू माझ्या नवऱ्याने फार जोरात मांडली, पण थोरल्याने फेथॉनची गोष्ट सांगून बाकीच्या तिघांना फोडलं.

असं ठरलंय. आठपर्यंत मैदानात, उजेड असेल तोवर खाणंपिणं, चादरी, बाबांची खुर्ची सगळं लावून घ्यायचं. साडेनऊला फोन पिशवीत, फक्त माझा वगळून, तो धाकटीसाठी. दहा ते साडेबारा बघायचं. शनिवारी रात्री मी आणि नवरा दोघंच त्या मैदानात तासभर जाऊन कृत्तिका मोजून येणार. रविवारी हवामान बिघडणार असं शनिवारी दुपारी दिसलं तर सगळ्यांना त्याच रात्री घेऊन जाणार. म्हणजे झोपाळूही खूश.

बाबा विचारताहेत, उल्केचा आवाज येतो का.

सतरंजीवाला

बेत पक्का आहे, एकच दुरुस्ती. आठला पोचून सामान लावणार म्हणता, पण डिसेंबरात आठला उजेड कुठला? चंद्राची जेमतेम पाव कोर असेल, तिच्यावर खुर्ची लागत नाही आणि वाटेतले दगडही दिसत नाहीत. पोचायचं तर दिवसाउजेडी पोचा, जागा पायाखालून घाला, खड्डे आणि काटे कुठे आहेत ते पोरांना दाखवून ठेवा. नाहीतर साडेदहाला कुणीतरी ठेचकाळणार आणि पहिल्यांदा पांढरी बॅटरी लावणार.

बाबांना सांगा, या उल्कांचा आवाज येत नाही. वाळूच्या किंवा वाटाण्याच्या आकाराचे कण, शंभर किलोमीटरच्या आसपास पेटून उंचावरच संपणारे. एखादा मोठा दगड बराच खाली आला तर गडगडाट ऐकू येऊ शकतो, पण तोही उल्का विझल्यावर मिनिटाभराने किंवा त्याहून उशिरा, कारण आवाजाला तेवढं अंतर कापायला वेळ लागतो. ते मिथुनेच्या वर्षावात व्हायचं नाही. आणि ऐनवेळी हलणारा दिवा दिसला तर गोंधळू नका. सावकाश, एका लयीत मिनिटभर चालत राहिला तर उपग्रह, लुकलुकत गेला तर विमान.

धाकटी

नकाशा छापला. ताई, तुझ्या फोनची बॅटरी अर्ध्या वाटेत संपते, पॉवर बँक आण.